एका मिनिटाचं भांडण

आमच्या घरात सासरे-जावई एकमेकांशी भांडत नाहीत. दोघंही मर्यादा सांभाळणारे. मतभेद झालाच तर तो गिझरच्या बटणावर मिटवला जातो, म्हणजे खरं तर मिटतच नाही. बाबा जाता-येता बटण बंद करतात. थोड्या वेळाने नवरा तिकडून जातो आणि ते चालू करतो. मग बाबांना पाणी प्यायची आठवण होते, वाट वाकडी करून ते गिझरवरून जातात आणि लाल दिवा पुन्हा विझतो. या सगळ्यात एक अक्षर कोणाच्या तोंडून निघत नाही. जेवताना दोघं एकमेकांना आग्रहाने वाढतात.

बाबांचा नियम सोपा आहे. वापरात नाही ते बंद. दिवा, पंखा, रेडिओ, सगळ्याला एकच कलम. चालू राहिलेलं बटण म्हणजे त्यांच्या लेखी उघडा राहिलेला नळ. नवऱ्याचा मुद्दा वरकरणी जास्त शास्त्रीय वाटतो. तो म्हणतो, तापलेलं पाणी तापलेलं ठेवायला जेमतेम वीज लागते. गार होऊ द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तापवायचं, यातच खरी उधळपट्टी आहे. वर तो गाडीचा दाखला देतो: सारखी थांबवत-सुटवत नेलेली गाडी जास्त पितेच ना?

दोघांनीही मला वेगवेगळं गाठून पंच नेमलं. "तू सांग त्याला," असं बाबा म्हणाले. "तूच सांग बाबांना," असं नवरा. मला आकडेमोडीची थोडी खोड आहे, आणि घरातल्या माणसांना गप्प करायला आकड्यांइतकं सभ्य हत्यार नाही. एका मैत्रिणीकडून मी प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारं छोटं वीजमापक उसनं आणलं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेतला, एक मोजपात्र घेतलं, एक वही घेतली. वही बाबांनी दिली. पहिल्या पानावर त्यांनी आधीच समास आखून ठेवला होता.

आमचा गिझर पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा. वय बरंच आहे. पहिल्या दिवशी टाकीत पूर्ण गार पाणी घेतलं. नळाचं पाणी २२ अंश होतं आणि थर्मोस्टॅट ६० वर. म्हणजे पंचवीस लिटर पाणी ३८ अंशांनी वर न्यायचं. याचा हिशोब कोणालाही बोटांवर करता येतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये अशा ८६० किलोकॅलरी मावतात. लिटर गुणिले अंश, भागिले ८६०. आमचं उत्तर आलं १.१ युनिट. मापकाने १.२ दाखवलं, कारण पाण्याबरोबर टाकीचा पत्राही तापतो. दिवा विझायला पस्तीस मिनिटं लागली.

१.१ युनिट म्हटलं की काहीच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण उष्णता म्हणजे काय आणि मेहनत म्हणजे काय, यांचा सांधा जुळवणारा जेम्स जूल नावाचा माणूस १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. बीअर गाळणाऱ्या घराण्यातला. वजनं खाली सोडून त्यांच्या ओढीने पाण्यात पाती फिरवायची आणि पाणी किती तापतं ते पाहायचं, असा त्याचा उद्योग. त्याने हिशोब मांडला होता की नायगाराचं पाणी १६० फूट कोसळून खाली पोचतं तेव्हा ते फॅरनहाइटच्या जेमतेम एक पंचमांश अंशाने तापत असेल. एवढा गडगडाट, एवढे तुषार, आणि हाती लागते ती इतकी ऊब. हेच उलट करून पाहिलं तर छाती दडपते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी ४२७ मीटर उंच उचलता येईल. आमचं पंचवीस लिटर ३८ अंशांनी तापवण्याच्या बदल्यात ते सोळा किलोमीटर वर नेता आलं असतं, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. पायांनी सायकल मारून वीज तयार करायची म्हटली तर बऱ्यापैकी तब्येतीचा माणूस शंभर वॅट टिकवून धरतो. त्याला एका टाकीसाठी अकरा तास पॅडल मारावं लागेल. हे मी जेवताना सांगितलं. बाबा समाधानाने जावयाकडे पाहत राहिले, जणू ते सोळा किलोमीटर त्यांनीच चढवले होते.

पण अजून त्यांच्या बाजूने निकाल लागलेला नव्हता.

दुसरा प्रयोग रात्रीचा. दहा वाजता टाकी ६० अंशांवर होती. बटण बंद केलं, रात्रभर कोणी गरम नळ उघडायचा नाही असं बजावलं आणि सकाळी सहाला बटण पुन्हा चालू केलं. आठ तासांत पाणी आठेक अंशांनी उतरलं होतं. ते परत वर चढायला सात मिनिटं लागली. मापकावर ०.२३ युनिट. दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त बटण चालूच ठेवलं. रात्रभरात थर्मोस्टॅट मधूनच टिक करायचा, थोडा वेळ दिवा लागायचा, विझायचा. सकाळी मापकावर ०.२६.

फरक ०.०३ युनिट. आमच्या दोन किलोवॅटच्या कॉइलच्या भाषेत, एका मिनिटाचाही नाही.

म्हणजे महिनोन्‌महिने दोन प्रौढ, सुशिक्षित पुरुष रात्री एका मिनिटासाठी बटणावर जागता पहारा देत होते. मी वही मिटली आणि पहिल्यांदा मनसोक्त हसून घेतलं.

तरी पंच म्हणून निकाल द्यायचा तर बाबाच बरोबर ठरतात. फरक कितीही छोटा असो, तो नेहमी बंद ठेवण्याच्याच बाजूने पडतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गळक्या भांड्याची कल्पना करा. तळाशी बारीक भोक आहे. भांडं काठोकाठ भरलेलं असताना धार जोरात येते, पाणी उतरत गेलं की धार मंदावते. भांडं सतत काठोकाठ ठेवायचा हट्ट धरला तर गळतीही सतत जास्तीत जास्त राहणार. तापलेल्या टाकीचं तसंच. बाहेरच्या हवेत आणि आतल्या पाण्यात जेवढं अंतर, त्या प्रमाणात उष्णता बाहेर झिरपते. न्यूटनने १७०१ साली ही गोष्ट मांडून ठेवली आहे. गार होत चाललेली टाकी तासातासाला कमी गमावते. नंतर जे भरून काढावं लागतं ते फक्त हरवलेलं, आणि हरवलेलं मुळात कमी असतं. गाडीचा दाखला इथे गैरलागू आहे. गाडी थांबवताना तिचा वेग ब्रेकमध्ये जळून जातो. गिझरचं बटण बंद केल्याने आतलं पाणी काही थांबत नाही, ते तिथेच ऊन असतं.

मग रात्रीच्या आठ तासांत फरक इतका चिमुकला का? कारण रात्री दहाला टाकी आधीच भरलेली आणि तापलेली होती. चूक तिथे झालेली होती, बटणाचा प्रश्न नंतरचा. आमच्याकडे शेवटच्या माणसाची आंघोळ सकाळी आठच्या सुमारास होते. जेवढं गरम पाणी बाहेर जातं तेवढं गार पाणी खालून टाकीत शिरतं. बटण चालू असलं की कॉइल इमानेइतबारे ते सगळं तापवायला घेते आणि पावणेनऊपर्यंत टाकी पुन्हा ६० वर. कोणासाठी? कोणासाठीच नाही. त्या पाण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत काही काम नसतं. एकवीस तास ते पाणी अंधारात ताटकळत उभं राहतं आणि ताटकळताना अंगातली ऊब भिंतीला देत राहतं.

ते ताटकळणं मी मोजलं. बटण चालू, पाणी न वापरता चोवीस तास: पाऊण युनिटाच्या किंचित वर. सरासरी काढली तर सुमारे ३३ वॅट. म्हणजे त्या पांढऱ्या डब्यात कोणी एक दिवा पेटवून दार लावून घ्यावं आणि तो वर्षभर तसाच जळत राहावा. दीड दिवसाच्या ताटकळण्यात एक अख्खी टाकी तापली असती. मागे आम्ही पाच दिवस गावाला गेलो होतो आणि बटण चालू राहिलं होतं. रिकाम्या घरात चार युनिटं पाणी तापवलं गेलं, आणि अंग भिजवायला तिथे कोणीच नव्हतं.

तेव्हा बटण रात्री बंद करण्यात काही मोठं नाही, ते सकाळी शेवटच्या आंघोळीनंतर, किंबहुना शेवटची आंघोळ सुरू होतानाच बंद करण्यात आहे. टाकी गार पाण्याने भरू द्यायची आणि गारच ठेवायची. गार टाकीतून काहीच गळत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या आंघोळीच्या पस्तीस-चाळीस मिनिटं आधी चालू करायचं. हे माणसाच्या आठवणीवर सोडण्यासारखं काम नाही, त्यासाठी टायमर असतात. नवीन गिझरच्या भिंती जाड फोमच्या असतात, त्यांचं ताटकळणं याहून बरंच स्वस्त पडतं. जुन्या टाकीला वरून जाकीट घालण्याचाही उपाय आहे, फक्त थर्मोस्टॅटचं झाकण आणि दाबाची झडप मोकळी ठेवायची. आमची टाकी दोन भिंतींच्या बेचक्यात इतकी घट्ट बसली आहे की तिला जाकीट चढवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला स्वेटर घालणं. तो नाद मी सोडला.

नवऱ्याने हरल्यावर नवा मोर्चा उघडला: मग थर्मोस्टॅटच खाली आणू, ६० ऐवजी ४५. चाळीस अंशांच्या पाण्याने आंघोळ करायची आणि साठपर्यंत तापवून वर त्यात विसण घालायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

प्रश्न चांगला होता. मला वाटलं होतं तसं त्याचं उत्तर मात्र आलं नाही. आंघोळीला लागणाऱ्या ऊर्जेत थर्मोस्टॅटने काहीच फरक पडत नाही. ४० अंशांचं तीस लिटर पाणी अंगावर घेतलंत तर त्यात जेवढी उष्णता आहे तेवढीच आहे, मग ती साठच्या थोड्या पाण्यात भरपूर विसण घालून आलेली असो की पंचेचाळीसच्या बऱ्याच पाण्यात चिमूटभर घालून. फरक पडतो तो ताटकळण्यात. टाकी आणि खोली यांच्यातलं अंतर ३८ अंशांवरून २३ वर आलं की गळतीही त्याच प्रमाणात घटते. पण टायमर लावून ताटकळणंच जवळजवळ संपवलं असेल तर उरलेल्या चिल्लरसाठी थर्मोस्टॅट खाली आणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

आणि एक भीती असते. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन भरलं होतं. तिथून परतलेल्यांपैकी दीडशेहून जास्त माणसं न्यूमोनियासारख्या आजाराने पडली, पंचवीसहून जास्त दगावली. कारणीभूत जिवाणू पुढल्या वर्षी सापडला आणि सैनिकांच्या संघटनेवरून त्याचं नाव लीजिओनेला पडलं. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता. पण हा जिवाणू कुठल्याही कोमट, साचलेल्या पाण्यात खुशीने वाढतो, साधारण २० ते ४५ अंशांत. नेमकं तेच तापमान, जे आपल्याला सुखाचं वाटतं. पाण्याच्या फवाऱ्यातून तो श्वासात जातो. ६० अंशांत तो तग धरत नाही. म्हाताऱ्या, छातीने नाजूक माणसांना धोका जास्त. आमच्या घरात असं एक माणूस आहे आणि ते रोज समास आखतं. त्यामुळे वीज वाचवण्याच्या उत्साहात या एका जागी मी हात आखडता घेतला. टाकी रोज एकदा ६० ला पोचली पाहिजे. त्याहून वर, ७०-७५ ला, न्यायचं कारण नाही. ६० चं पाणीही अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं, तेव्हा आधी गार नळ सोडून मग गरम.

गिझर या शब्दाची मला इथे नेहमी मौज वाटते. तो आइसलंडमधल्या गेसीर नावाच्या एका उसळत्या झऱ्यावरून आला. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉघन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. नाव शोभण्यासारखंच होतं, कारण त्यात धूर बाहेर जायला धुराडंसुद्धा नव्हतं. पाणी तापलं की आपोआप थांबणारा, टाकीवाला बंब यायला १८८९ उजाडलं. तो एडविन रूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकेत केला. म्हणजे मध्यरात्री आमच्या भिंतीत जे टिक वाजतं, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. एरवी झोप मोडली की मी त्याला काहीतरी वेगळंच म्हणते.

पाईपांकडे मात्र घरात कोणाचंच लक्ष नव्हतं. गिझर न्हाणीघरात, स्वयंपाकघरातला नळ त्याच्यापासून दहा मीटरवर. त्या दहा मीटर पाईपात दीडेक लिटर पाणी मावतं. आमचे नळ एका दांड्याचे आहेत. दांडा डावीकडे गरम, उजवीकडे गार, आणि सगळ्यांच्या सवयीने तो कायम मध्यावर. हात धुवायला कोणी नळ सोडला की टाकीतून गरम पाणी निघतं, पाईपातल्या गार पाण्याला पुढे ढकलतं आणि ते हातापर्यंत पोचायच्या आत हात धुऊन होतात. नळ बंद. दीड लिटर तापलेलं पाणी पाईपात अडकतं आणि अर्ध्या तासात भिंतीइतकं गार होतं. हात धुणाऱ्याला गरम पाणी मिळालंच नाही, त्याला ते हवंही नव्हतं. दर वेळी ०.०६ युनिटाच्या आसपास. दिवसातून दहा वेळा असं झालं तर जवळजवळ त्या दिवसभराच्या ताटकळण्याइतकं. यावरचा उपाय इतका बिनखर्ची आहे की सांगायला लाज वाटते: दांडा उजवीकडे ठेवायचा. मी नळाजवळ एक चिठ्ठी चिकटवली. ती दोन दिवसांत भिजून गेली, पण सवय लागली.

आता वहीचं ते पान, जे मी बरेच दिवस कोणाला दाखवलं नाही.

बटण झालं, थर्मोस्टॅट झाला, पाईप झाला. राहिलं होतं प्रत्यक्ष वापरलेलं पाणी. तेही मोजावं म्हणून शॉवरखाली दहा लिटरची बादली ठेवली आणि स्टॉपवॉच लावलं. ८५ सेकंदांत भरली. मिनिटाला सात लिटर. नळाचं पाणी २२ अंश, अंगावरचं ४०. सात गुणिले अठरा भागिले ८६०. मिनिटाला ०.१५ युनिट. म्हणजे शॉवरखालचं एक मिनिट आणि टाकीचं साडेचार तासांचं ताटकळणं सारख्याच भावाचं.

बाबांना पंधरा लिटर पुरतात. पाव युनिटाहून थोडं जास्त, संपलं. नवरा घड्याळाचा गुलाम, चार मिनिटांत बाहेर. आणि मी? माझी आंघोळ सगळ्यांत शेवटी असते. मी गाणं म्हणत नाही, कोणाला कधी तक्रारीला जागा दिलेली नाही. शॉवरखाली उभी राहून मी दिवसाची आखणी करते. कधी एखाद्या जुन्या संभाषणाला तेव्हा न सुचलेलं उत्तर देते. पाणी कोमट व्हायला लागलं की बाहेर येते. स्टॉपवॉच म्हणालं, नऊ मिनिटं. टाकी उरकली की कॉइलला पाण्यामागे धावता येत नाही म्हणून नऊ. टाकी मोठी असती तर किती झाली असती, कोण जाणे.

नऊ मिनिटं म्हणजे १.३ युनिट. बाबा चार दिवसांत वापरतात त्याहून जास्त. ज्या बटणावरून ते दोघं रात्री फेऱ्या मारत होते त्याचं एक अख्ख्या रात्रीचं इमान माझ्या दहा-बारा सेकंदांत वाहून जात होतं, आणि पंच मी होते.

दोष कबूल करायच्या आधी मी माणसं करतात ते सगळं केलं. आधी यंत्राला धरलं. जुना गिझर आहे, कॉइलवर क्षार चढले असतील, तो वीज खात असेल. कारागीर बोलावला. त्याने तळाची चकती उघडून कॉइल बाहेर काढली तेव्हा ती पांढऱ्या पोवळ्यासारखी दिसत होती. जड पाण्यातला चुना गार पाण्यात विरघळून राहतो आणि तापवलं की नेमका कॉइलवर बसतो. मीठ-साखरेच्या उलट वागणं. "यानेच बिल वाढतं," असं कारागीर म्हणाला. मला ते पटायला हवं होतं, पण वही आड आली. कॉइल पाण्यात बुडालेली आहे. तिच्यातून निघालेली उष्णता चुन्याच्या थरातून जरा उशिरा का होईना, शेवटी पाण्यातच जाणार. तिला जायला दुसरी वाटच नाही. गॅसच्या बंबात क्षार चढले तर ऊब धुराड्यातून निघून जाते, विजेच्या कॉइलला ती सोय नाही. पुटं चढल्याने नुकसान होतं ते कॉइलचंच: उष्णता वेळेवर सुटत नाही, आतून ती भाजत जाते आणि एक दिवस तुटते. साफ करून घेणं योग्यच, पण माझी नऊ मिनिटं त्याच्या नावावर घालता येईनात.

कारागिराने आणखी एक दांडी काढून दाखवली. मॅग्नेशियमची. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून ती स्वतः गंजत राहते. बसवली तेव्हा अंगठ्याएवढी जाड होती म्हणे. आता तिची आतली तार तेवढी उरली होती. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली हीच युक्ती जहाजांच्या तांब्याच्या तळासाठी सुचवली होती. बाबा ती तार हातात घेऊन बराच वेळ पाहत उभे राहिले. नवी दांडी बसवली. टाकीला आणखी काही वर्षं मिळाली.

मग दुसरं यंत्र घ्यावं का, याचाही विचार झाला. टाकी नसलेला, तत्काळ तापवणारा गिझर ताटकळण्याचा प्रश्न मुळातूनच सोडवतो, पण तीन किलोवॅटचा घेतला तर वीस अंशांनी तापलेलं पाणी मिनिटाला दोनच लिटर देतो. भांड्यांसाठी ठीक, शॉवरला ती धार केविलवाणी. उष्णता-पंप मात्र मला मनापासून आवडला. तो उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात आणून टाकतो, फ्रिजच्या उलट, त्यामुळे एका युनिटात दोन-तीन युनिटांचं काम होतं. पण त्याला जागा लागते, मोकळी हवा लागते, शिवाय तो आवाज करतो. आणि शॉवरखाली नऊ मिनिटं उभं राहणाऱ्या बाईला त्याचा इलाज चालत नाही.

शेवटी दोन गोष्टी केल्या. टायमर बसवला: सकाळी पाच वीसला चालू, पावणेआठला बंद. आणि शॉवरचं तोंड बदललं. नव्या तोंडात पाण्यात हवा मिसळते. धार अंगाला तितकीच भरघोस लागते आणि बादली दोन मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. यात मला काहीच सोसावं लागलं नाही. सोसावं लागलं ते वेळेच्या बाबतीत. मी सहा मिनिटं ठरवली. पाच गुणिले सहा, गुणिले अठरा, भागिले ८६०: ०.६३ युनिट. निम्म्याहून कमी. पहिल्या आठवड्यात दिवसाची आखणी अर्धवट राहायची आणि जुन्या संभाषणांतली माणसं निरुत्तर न होताच निघून जायची. आता ती आखणी मी कोरड्या अंगाने करते. तशी ती बरी होत नाही, हे मान्य करायला हवं.

वही मी सगळ्यांसमोर ठेवली, त्या पानासकट. मला वाटलं होतं, बाबा काही बोलणार नाहीत. ते बोललेही नाहीत. त्यांनी पट्टी घेतली, नवीन पान काढलं, आणि एक रकाना आखला. वर तारीख, खाली मिनिटं.

बटणावरच्या फेऱ्या थांबल्या. तिथे करण्यासारखं काही उरलेलंच नाही, टायमर सगळं करतो. काल मात्र माझी सात मिनिटं झाली. बाहेर आले तर बाबा वही घेऊन उभे, आणि त्यांच्या खांद्यावरून नवरा मोबाइलमधलं स्टॉपवॉच दाखवत होता. "सात वाजून त्रेपन्न मिनिटांना नळ बंद झाला," तो म्हणाला. "जावईबापू, सेकंदसुद्धा लिहायचे का?" बाबांनी विचारलं.